चित्राचा आकार आणि रंग कमी करताना दर्जा कसा राखावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुस्तके, पत्रिका आणि संकेतस्थळे यांच्यासाठी चित्रे तयार करण्याच्या कामात जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात, ते येथे उत्तरांसह दिले आहेत. चित्र बिघडल्याची तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांनी साधन चांगले वापरलेले असते. चुकलेला असतो तो कामाचा क्रम. त्यामुळे पहिला प्रश्न क्रमाचाच घेतला आहे.

चित्र लहान करायचे आहे आणि रंगही कमी करायचे आहेत. आधी काय करावे?

आधी आकार बदलावा, रंग कमी करणे अगदी शेवटी ठेवावे. चित्र लहान होताना अनेक पिक्सेलांची सरासरी काढून एक नवा पिक्सेल तयार होतो, आणि ही सरासरी म्हणजे बहुतेक वेळा मूळ चित्रात कुठेही नसलेला एक मधला रंग असतो. पांढऱ्यावर काळे अक्षर असेल तर कडेला करड्या छटा उमटतात आणि त्या छटांमुळेच अक्षराची कड डोळ्याला गुळगुळीत वाटते. रंग आधीच सोळावर आणून ठेवले असतील, तर या मधल्या छटांना पॅलेटमध्ये, म्हणजे फाइलीतील ठरावीक रंगांच्या यादीत, जागाच उरत नाही. मग प्रणाली (सॉफ्टवेअर) जवळचा कोणतातरी रंग उचलते आणि कड दातेरी होते. म्हणून क्रम असा असावा : मूळ फाइल उघडावी, रंग व उजेड यांची दुरुस्ती करावी, हवा तो भाग कातरावा, आकार एकदाच बदलावा, गरज असल्यास हलके शार्पनिंग (कडा धारदार करणे) करावे, मग रंग कमी करावेत आणि फाइल एकदाच जतन करावी.

माझ्याकडे मूळ फाइल नाही, फक्त रंग कमी केलेली जीआयएफ किंवा आठ बिटांची पीएनजी आहे. आता काय करता येईल?

अशी फाइल ‘इंडेक्स्ड’ प्रकारची असते. तिच्यात प्रत्येक पिक्सेलाचा रंग लिहिलेला नसतो, तर पॅलेटमधील त्या रंगाचा क्रमांक लिहिलेला असतो. आणि पाचव्या व नवव्या क्रमांकाची सरासरी सातवा क्रमांक आहे, असे रंगांच्या बाबतीत म्हणता येत नाही. जिंप या चित्रसंपादनाच्या प्रणालीत इंडेक्स्ड चित्राचा आकार बदलताना इंटरपोलेशन, म्हणजे शेजारच्या रंगांवरून मधला रंग काढणे, चालत नाही ते याच कारणाने. तेव्हा ‘इमेज’ मेनूतील ‘मोड’मध्ये जाऊन चित्र आधी आरजीबी (लाल, हिरवा, निळा असे पूर्ण रंगीत) करावे, मग आकार बदलावा आणि नंतर हवे असल्यास पुन्हा इंडेक्स्ड करावे. गेलेले रंग त्यामुळे परत येत नाहीत, पण नवे नुकसान टळते.

एका संस्थेच्या स्मरणिकेचे काम करताना मला तिचे बोधचिन्ह असेच मिळाले होते : दोनशे पिक्सेल रुंद, दातेरी, वर्षानुवर्षे एका फाइलीवरून दुसरी फाइल करत आलेले. त्यातील समईची ज्योत चौकोनी पायऱ्यांसारखी दिसत होती. शेवटी जुन्या छापील पत्रशीर्षावरील बोधचिन्ह स्कॅन करून त्यावरून रेषा नव्याने काढल्या, आणि तेच योग्य ठरले. बोधचिन्ह जर सपाट रंगांचे असेल, तर बिघडलेल्या फाइलीवर तासन्‌तास घालवण्यापेक्षा ते वेक्टर स्वरूपात (पिक्सेलांऐवजी रेषांच्या रूपात) पुन्हा काढणे कमी कष्टाचे असते.

आकार बदलताना ‘निअरेस्ट’, ‘बायलिनिअर’, ‘बायक्युबिक’, ‘लँक्झोस’ असे पर्याय दिसतात. कोणता निवडावा?

नव्या पिक्सेलाचा रंग ठरवताना जुने किती पिक्सेल विचारात घ्यायचे, हा या पर्यायांमधील मुख्य फरक आहे. निअरेस्ट एकच पिक्सेल उचलतो. चित्र मोठे करताना बायलिनिअर चार आणि बायक्युबिक सोळा पिक्सेल पाहतो, तर लँक्झोस, त्याच्या नेहमीच्या ‘लँक्झोस-३’ या रूपात, छत्तीस पाहतो. छायाचित्र लहान करायचे असेल तर बायक्युबिक किंवा लँक्झोस घ्यावा. लँक्झोसने बारकावे अधिक करकरीत राहतात, मात्र ठळक कडांच्या शेजारी फिकट प्रतिध्वनीसारखी एक रेघ उमटू शकते; ती दिसली तर बायक्युबिकवर यावे.

निअरेस्टला लोक सरसकट वाईट ठरवतात, ते मात्र बरोबर नाही. जुन्या संगणकीय खेळांतील चौकोनी चित्रे किंवा क्यूआर कोड दुप्पट, तिप्पट अशा पूर्ण पटीत मोठा करायचा असेल, तर तोच एक पर्याय कडा जशाच्या तशा ठेवतो.

चित्र फारच लहान करायचे असेल, तर टप्प्याटप्प्याने करावे का?

चांगल्या प्रणालीत नको. प्रत्येक टप्प्यावर नवी सरासरी निघते आणि मऊपणा वाढतो. अपवाद एवढाच, की काही साधी साधने बायलिनिअरने लहान करतानाही फक्त चारच पिक्सेल पाहतात, त्यामुळे निम्म्याहून अधिक लहान करताना मधले पिक्सेल चक्क वगळले जातात. अशा साधनात आधी निम्मे, मग पुन्हा निम्मे करत जाणे बरे.

देवनागरी मजकूर असलेले चित्र लहान केले की शिरोरेषा तुटते आणि अनुस्वार नाहीसे होतात. असे का होते?

या प्रश्नाकडे फार थोडे लोक गंभीरपणे पाहतात. आकार बदलण्याची बहुतेक मार्गदर्शने रोमन अक्षरे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात, आणि देवनागरीत अर्थ ज्या लहानशा खुणांवर उभा असतो त्यांचा विचार तेथे नसतो. अनुस्वाराचा एक ठिपका गेला की ‘वंश’चा ‘वश’ होतो आणि ‘मंद’चा ‘मद’ होतो. वाचणाऱ्याला चित्र बिघडले आहे असे कळतही नाही, तो चुकीचा शब्द बरोबर समजून पुढे जातो.

नेमके काय घडते ते जवळून पाहू. १६०० पिक्सेल रुंदीचे पान ४०० पिक्सेलांवर आणायचे आहे, म्हणजे चारास एक असे प्रमाण आहे. निअरेस्ट पद्धत दर चौथी ओळ आणि दर चौथा स्तंभ उचलते. तीन पिक्सेल जाडीची शिरोरेषा नेमकी दोन उचललेल्या ओळींच्या मध्ये आली, तर ती संपूर्ण नाहीशी होते. आणि पान किंचित तिरके स्कॅन झाले असेल, तर ती काही ठिकाणी दिसते आणि काही ठिकाणी तुटते. तीन गुणिले तीन पिक्सेलांचा अनुस्वार सोळापैकी नऊ स्थितींत सापडतो आणि सात स्थितींत निसटतो. सरासरी काढणाऱ्या पद्धतीत ठिपका निसटत नाही, पण तो सोळा पिक्सेलांच्या घरात नऊ पिक्सेलांचा असल्याने काळ्याऐवजी मध्यम करडा होतो, आणि तो दोन घरांत विभागला गेला तर आणखी फिकट.

म्हणून अशा चित्रासाठी सरासरी काढणारी पद्धतच वापरावी, लहान करण्यापूर्वी ‘लेव्हल्स’मधून कागदाचा पांढरा अधिक पांढरा आणि शाईचा काळा अधिक काळा करून घ्यावा, आणि रंग कमी करताना थेट काळ्या-पांढऱ्या दोन रंगांवर न जाता करड्याच्या सोळा छटा ठेवाव्यात. सोळा छटांत मजकूर वाचायला जवळजवळ पूर्ण स्कॅनसारखाच राहतो. शक्य असेल तेथे मजकूर चित्रात ठेवूच नये. चित्र वेगळे ठेवून अक्षरे युनिकोडमध्ये लिहावीत.

पैठणीचा फोटो लहान केल्यावर कापडावर न विणलेले पट्टे आणि लाटा दिसतात. हे काय आहे?

याला मॉइरे म्हणतात. विणीचे धागे ठरावीक अंतराने येत असतात आणि पिक्सेलांची जाळीही ठरावीक अंतराची असते. ही दोन अंतरे एकमेकांच्या जवळ आली, की त्यांच्या फरकातून तिसरीच मोठी नक्षी तयार होते. विटांची भिंत, खिडकीची जाळी, बांबूची चटई यांच्या फोटोंतही हेच होते. उपाय असा, की लहान करण्यापूर्वी त्या भागावर अगदी हलका गॉसियन ब्लर (धूसरपणा) द्यावा, जेणेकरून नव्या आकारात मावणार नाही इतकी बारीक वीण आधीच विरघळेल. पदरावरचे मोर आणि जरीचा काठ त्या ब्लरमधून वगळावा, कारण पाहणाऱ्याचे लक्ष तेथेच असते. लाटा मुळात कॅमेऱ्यातच उमटल्या असतील, तर मात्र थोडे अंतर बदलून फोटो पुन्हा काढणे हाच खरा मार्ग आहे.

लहान केलेले चित्र मूळ चित्रापेक्षा काळपट का वाटते?

कारण फाइलीतील आकडे उजेडाच्या सम प्रमाणात नसतात. रंग नोंदवण्याच्या नेहमीच्या एसआरजीबी पद्धतीत ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा. पण १२८ या आकड्याला पडद्यावर पांढऱ्याच्या निम्मा नव्हे, तर सुमारे २२ टक्केच उजेड पडतो. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा बुद्धिबळासारखा पट लहान केला, तर त्याचा खरा निम्मा उजेड १८८ च्या आसपास असतो; आकड्यांची सरळ सरासरी काढणारी प्रणाली मात्र १२८ लिहून मोकळी होते. दिवाळीच्या रोषणाईचा, रात्रीच्या आकाशातील ताऱ्यांचा किंवा काळ्या पाटीवरील खडूच्या अक्षरांचा फोटो लहान करताना हा फरक स्पष्ट दिसतो, दिवे विझू लागल्यासारखे वाटतात. ‘लिनिअर लाइट’मध्ये, म्हणजे आकड्यांऐवजी खऱ्या उजेडाची सरासरी काढून, आकार बदलण्याची सोय असेल, तर अशा चित्रांसाठी ती जरूर वापरावी. साध्या, दिवसाच्या छायाचित्रात फरक फारसा जाणवत नाही.

रंग कमी करणे म्हणजे प्रणाली नेमके काय करते?

पूर्ण रंगीत चित्रात प्रत्येक पिक्सेलाला लाल, हिरवा व निळा यांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या असतात, म्हणजे १,६७,७७,२१६ रंग शक्य असतात. १९८७ साली कॉम्प्युसर्व्ह या कंपनीने आणलेल्या जीआयएफमध्ये एका पॅलेटला जास्तीत जास्त २५६ रंगांची मर्यादा आहे, आणि पीएनजीच्या इंडेक्स्ड प्रकारातही तीच आहे. एवढ्या मोठ्या संख्येतून २५६ कोणते निवडायचे, यासाठी पॉल हेकबर्ट यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेली ‘मीडियन कट’ ही पद्धत आजही पायाभूत मानली जाते. चित्रातील सर्व रंग एका पेटीत आहेत असे समजायचे, ती पेटी दोन्हीकडे सारखेच पिक्सेल येतील अशी कापायची, मग त्या तुकड्यांनाही तसेच कापत जायचे आणि शेवटी प्रत्येक तुकड्याचा एक प्रातिनिधिक रंग घ्यायचा.

या पद्धतीत बहुमताला मान मिळतो आणि अल्पमताचा बळी जातो. नऊवारी नेसलेल्या आजींच्या जुन्या फोटोचे रंग बत्तीसवर आणले, तर भिंत, साडी आणि चेहरा यांनाच सगळे रंग मिळतात. कपाळावरचे कुंकू पाच-पंचवीस पिक्सेलांचे असल्याने तपकिरी होऊन कपाळात मिसळून जाते. त्या चित्रात डोळा सर्वप्रथम कुंकवाकडेच जात असतो. म्हणून स्वयंचलित पॅलेट तयार झाल्यावर ते उघडून पाहावे, जो रंग कमी ठिकाणी पण महत्त्वाच्या जागी आहे तो हाताने पॅलेटमध्ये कायम करावा, आणि मग चित्र त्या पॅलेटवर उतरवावे.

डिदरिंग वापरावे की वापरू नये?

डिदरिंग म्हणजे थोड्याच रंगांचे ठिपके मिसळून मधल्या छटांचा भास निर्माण करणे. ते वापरावे का, हे चित्र कोणते आहे यावर ठरते. रॉबर्ट फ्लॉइड आणि लुई स्टाइनबर्ग यांनी १९७६ साली मांडलेल्या पद्धतीत, एखाद्या पिक्सेलाला जवळचा रंग दिल्यावर जी चूक उरते ती शेजाऱ्यांत वाटली जाते : उजवीकडच्या पिक्सेलाला सोळापैकी सात हिस्से, खालच्या ओळीतील डावीकडच्याला तीन, सरळ खालच्याला पाच आणि उजवीकडच्याला एक. त्यामुळे ठिपके मिसळून डोळ्याला मधल्या छटा भासतात. मावळतीच्या आकाशाला हे आवश्यक असते. १२०० पिक्सेलांत पसरलेली छटा सोळाच पायऱ्यांत बसवली, तर ७५ पिक्सेलांचा एकेक पट्टा वेगळा दिसतो.

सपाट रंगांच्या चित्राला मात्र डिदरिंग लावू नये. गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेषांचे वारली शैलीतील चित्र संगणकावर काढलेले असेल, तर गेरू, पांढरा आणि मधल्या छटा मिळून सोळा रंगांत ते अप्रतिम राहते. डिदरिंगने त्यात नको ती रेती पसरते. त्यातून फाइलही वाढते, कारण जीआयएफ व पीएनजी यांचे आकुंचन (फाइलीला कमी जागेत बसवणे) सारख्या पिक्सेलांच्या सलग रांगांवर आणि पुन्हा येणाऱ्या नक्षीवर चालते आणि विखुरलेले ठिपके ते मोडून टाकतात. खऱ्या, सारवलेल्या भिंतीवरील वारली चित्राचा फोटो असेल तर गोष्ट वेगळी. मातीच्या पोतात हजारो छटा असतात, तेथे रंग कमी न करता जेपीजीच वापरावी.

आणखी एक : डिदरिंग केलेले चित्र नंतर कधीही लहान-मोठे करू नये. ठिपक्यांची नक्षी विस्कटून डाग पडतात.

किती रंग ठेवावेत?

पीएनजीच्या इंडेक्स्ड प्रकारात एका पिक्सेलाला १, २, ४ किंवा ८ बिट मिळतात, म्हणजे मर्यादा २, ४, १६ आणि २५६ रंगांच्या आहेत. सतरावा रंग घेतला की प्रत्येक पिक्सेल चारवरून आठ बिटांवर जातो. आकुंचनानंतर हा फरक पुष्कळ कमी होतो, तरीही अठरा-वीस रंगांशी येऊन थांबले असाल तर सोळा करून पाहावे. आणि सोळांत कडा दातेरी होत असतील तर कंजूषी न करता सरळ चौसष्ट घ्यावेत.

पारदर्शक पार्श्वभूमीच्या चित्राभोवती पांढरी किनार का दिसते?

चित्र आधी पांढऱ्या कागदावर तयार झालेले असते, त्यामुळे कडेच्या पिक्सेलांत पांढरा मिसळलेला असतो. जीआयएफमध्ये पिक्सेल पूर्ण पारदर्शक किंवा पूर्ण अपारदर्शक एवढेच दोन प्रकार असल्याने ते अर्धवट पांढरे पिक्सेल गडद पानावर उठून दिसतात. जीआयएफच हवी असेल, तर जतन करताना ‘मॅट’ म्हणून ज्या पानावर चित्र बसणार आहे त्याचाच रंग द्यावा. अन्यथा पूर्ण अल्फा (पारदर्शकतेची नोंद) असलेली पीएनजी घ्यावी, तिच्यात पारदर्शकतेच्याही २५६ पायऱ्या असतात.

लग्नपत्रिकेतील पिवळ्यावरची लाल अक्षरे जेपीजीत फिसकटतात. दर्जा ९० ठेवूनही असे का होते?

जेपीजी चित्राचे आठ गुणिले आठ पिक्सेलांचे चौकोन करते आणि उजेड व रंग वेगळे ठेवते. डोळा रंगातील बारकाव्यांबाबत कमी चोखंदळ असतो, या आधारावर अनेक प्रणाली ४:२:० हे प्रमाण वापरतात. त्यात उजेड प्रत्येक पिक्सेलाचा, पण रंग चार पिक्सेलांना मिळून एकच ठेवला जातो. छायाचित्रात हे खपते. पिवळ्यावरच्या कुंकवासारख्या लाल बारीक अक्षरांत मात्र वेलांट्या आणि रफार यांचा रंग शेजारी सांडतो. जतन करताना ‘सबसॅम्पलिंग’मध्ये ४:४:४ निवडावे, म्हणजे रंगही प्रत्येक पिक्सेलाचा राहतो, किंवा पत्रिका पीएनजीत द्यावी. फोटो म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले चित्र पुन्हा आकुंचित होते, त्यामुळे तेथेही फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी.

खराब झालेली जेपीजी पीएनजीत बदलली तर सुधारते का?

नाही. फाइल मोठी होते आणि डाग जसेच्या तसे राहतात. पुढचे नुकसान थांबते, एवढाच लाभ.

भरतीच्या ऑनलाइन अर्जात फोटो आणि सही ठरावीक केबीत बसत नाही. काय करावे?

येथे थोडे गणित केले की घबराट जाते. बँक भरतीच्या परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेच्या सूचनांत फोटो २०० गुणिले २३० पिक्सेल व २० ते ५० केबी, आणि सही १४० गुणिले ६० पिक्सेल व १० ते २० केबी असे सांगितलेले असते. २०० गुणिले २३० म्हणजे ४६,००० पिक्सेल, आकुंचन न करता, दर पिक्सेलाला तीन बाइट धरून, सुमारे १३८ केबी. ते ५० केबीत बसवायला तिपटीहून कमी आकुंचन लागते, आणि चांगल्या दर्जाची जेपीजी ते सहज करते. ज्यांचा फोटो बसत नाही, ते बहुधा मोबाइलमधील चार हजार पिक्सेलांचा फोटो तसाच ठेवून फक्त दर्जा घसरवत असतात, आणि चेहऱ्यावर चौकोन उमटतात. आधी कातरून पिक्सेल सांगितल्याप्रमाणे करावेत. दर्जा नंतर पाहावा.

सहीचे उलटे असते. १४० गुणिले ६० पिक्सेलांचे चित्र मुळातच सुमारे २५ केबीचे असल्याने मध्यम दर्जावर जतन केल्यास ते दहा केबीच्या खाली जाऊन नाकारले जाऊ शकते. तेथे दर्जा वाढवावा. सही पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने, जरा ठसठशीत करून स्कॅन करावी, नाहीतर साठ पिक्सेलांच्या उंचीत तिची बारीक रेघ टिकत नाही.

७२ डीपीआयची फाइल ३०० डीपीआय केली तर छपाई चांगली होईल का?

डीपीआय म्हणजे एका इंचातील ठिपक्यांची संख्या. केवळ तो आकडा बदलून काहीही होत नाही, कारण तो फाइलीत लिहिलेली एक नोंद असतो. महत्त्वाची असते ती पिक्सेलांची संख्या : चार गुणिले सहा इंचांची प्रत ३०० च्या घनतेने छापायला १२०० गुणिले १८०० पिक्सेल हवेत, आणि ए-फोर पानाला २४८० गुणिले ३५०८.

लहान चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेने मोठे करावे का?

निसर्गदृश्याला किंवा सजावटीच्या चित्राला हरकत नाही. ही साधने गेलेला तपशील परत आणत नाहीत, तर तेथे काय असावे याचा अंदाज करून नवा तपशील रंगवतात. म्हणून सही, सातबारा, मोडी कागदपत्रे आणि पूर्वजांचे फोटो यांच्यावर ती वापरू नयेत. मोडीत एका अक्षराचे वळण किंचित बदलले तरी वाचन बदलते, आणि साधनाने रंगवलेले वळण मूळ लेखकाचे नव्हे हे नंतर कोणालाही ओळखता येत नाही.

मूळ फाइल कशी जपावी आणि काम तपासावे कसे?

स्कॅन किंवा रचना टिफ अथवा पूर्ण रंगीत पीएनजीत ठेवावी आणि तिच्या नावात ‘मूळ’ हा शब्द घालावा. प्रत्येक लहान प्रत तिच्यावरूनच काढावी, लहान प्रतीवरून दुसरी लहान प्रत कधीही काढू नये. तपासताना चित्र १०० टक्के आकारात पाहावे, कारण ६६ टक्क्यांसारख्या आकारात दिसणारा धूसरपणा बहुधा पडद्यावरचाच असतो. मग तीच फाइल एकदा मोबाइलवर उघडावी आणि मजकूर असेल तर अनुस्वार, रफार व उकार एकेक करून मूळ पानाशी ताडून पाहावेत.